कुमारांचं ‘सगळंच’

“कुमारांचं सगळंच आवडतं,” असं सांगणारे श्रोते आपल्याकडे पुष्कळ. आज आपण या ‘सगळंच’कडे जरा इतिहासाच्या अंगाने पाहू या.

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणी ते ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांची गायकी हुबेहूब उचलत. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. मग क्षयाने गाठलं. १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंदच झालं. त्या सक्तीच्या शांततेत माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली.

आजारातून उठले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. त्या दमात बसतील अशा छोट्या, टोकदार स्वरवाक्यांतून त्यांनी आपली गायकी उभी केली. लोकधुनांत त्यांना नवे राग सापडले. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ आलं. निर्गुणी भजनं आली, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ही आलं.

हे सगळं तेव्हा बिनविरोध स्वीकारलं गेलं, असं मात्र समजू नका. परंपरेच्या अभिमान्यांनी कडक आक्षेप घेतले. ख्याल, भजन, नाट्यगीत या साऱ्यांत एकच माणूस ‘हे असंच का?’ म्हणून विचारत होता. म्हणून त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही. पण आपण ते आक्षेपच विसरलो, तर त्यांचं धाडसही आपल्याला ऐकू येणार नाही. तेव्हा प्रेम सगळ्यावर करू या, कान मात्र उघडे ठेवून.