विस्तारभाषेची कुळकथा

भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या बिऱ्हाडकरूला भिंतींत एखादा खिळा ठोकावयाचा झाला तरी घरमालकाची मर्जी पाहावी लागते. स्वतःच्या घरांत राहणाऱ्याला ही अडचण नसते; तो आज खुंटी मारील, उद्यां फळी लावील आणि परवां मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक खोली करील. संगणकावर चालणाऱ्या आज्ञावल्यांच्या बाबतींतहि असाच भेद आहे. कांहीं आज्ञावल्या जशा हातीं आल्या तशाच वापराव्या लागतात. कांहींच्या पोटांत मात्र एक लहानशी भाषा ठेवलेली असते व त्या भाषेंत चार ओळी लिहून वापरणाऱ्याला त्या आज्ञावलीस नवीं कामें शिकवितां येतात. अशा भाषेला विस्तारभाषा म्हणतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू चळवळीनें आपल्या सर्व आज्ञावल्यांसाठीं एक समाईक विस्तारभाषा असावी असा संकल्प १९९४ सालीं सोडला. त्या संकल्पांतून जन्मास आलेल्या भाषेचें नांव ‘गाइल’. तिच्या जन्माचें निमित्त एक वाद झाला खरा. परंतु तिचें कुळ त्याहून पुष्कळ जुनें आहे.

या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे लिस्प ही भाषा. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं तिचा पाया घातला. लिस्पमध्यें माहिती आणि आज्ञा या दोहोंचें रूप एकच, कंसांत ओवलेली यादी. त्यामुळें एका आज्ञावलीनें दुसरी आज्ञावली रचावी किंवा स्वतःचीच रचना बदलावी, हें या भाषेंत सहज साधतें. त्याच संस्थेंत १९७५ सालीं गाय स्टील व जेराल्ड ससमन यांनीं, कार्ल ह्युइट यांच्या एका सिद्धान्ताचा उलगडा करण्यासाठीं, लिस्पची एक आटोपशीर शाखा निर्माण केली. तिच्या पूर्वींच्या दोन भाषांचीं नांवें प्लॅनर आणि कॉनायव्हर, म्हणजे योजना करणारा व संगनमत करणारा, अशीं होतीं. त्याच ओळींत नव्या भाषेला ‘स्कीमर’, म्हणजे कारस्थानी, असें नांव द्यावयाचें ठरलें. पण त्या काळच्या संगणकावर संचिकेच्या नांवास सहाच अक्षरें मिळत, म्हणून शेवटचें अक्षर गळून ‘स्कीम’ एवढेंच राहिलें.

दुसरें घराणें ईमॅक्स नांवाच्या संपादकाचें. मजकूर लिहिण्यासाठीं व सुधारण्यासाठीं वापरावयाची ही आज्ञावली १९७६ सालीं त्याच संस्थेंत उदयास आली व तिच्या कर्त्यांत रिचर्ड स्टॉलमन हे प्रमुख होते. ज्याला जी सोय हवी ती त्यानें तींत घालावी आणि इतरांस द्यावी, असा तेथें रिवाज होता. १९७८ सालीं हनीवेल कंपनींतील बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनीं ईमॅक्सचा एक नवा अवतार लिस्पमध्यें लिहिला. स्टॉलमन यांनीं पुढें एका व्याख्यानांत सांगितलेली त्या वेळची एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. त्या कचेरींत लेखनिकाचें काम करणाऱ्या स्त्रियांना ईमॅक्समध्यें नव्या आज्ञा कशा घालाव्या हें शिकविणारी एक पुस्तिका मिळाली होती. आपण करीत आहों तें ‘प्रोग्रॅमिंग’ आहे असें त्या पुस्तिकेंत कोठेंहि म्हटलेलें नव्हतें. प्रोग्रॅमिंग आपल्याला येणार नाहीं अशी त्यांची खात्री होती. पण तो शब्दच समोर न आल्यामुळें त्या भ्याल्या नाहींत, आणि पाहतां पाहतां आपल्या कामाच्या आज्ञा स्वतः लिहूं लागल्या. साधन बदलण्याची विद्या ही कांहीं थोड्यांचीच मिरास नव्हे, ही स्टॉलमन यांची धारणा अशा अनुभवांनीं दृढ झाली.

पुढें जेम्स गॉसलिंग यांनीं १९८१ सालीं सी भाषेंत दुसरा ईमॅक्स लिहिला. त्याची विस्तारभाषा ‘मॉकलिस्प’ म्हणून ओळखली जाई. तिचें बाह्य रूप लिस्पसारखें होतें, परंतु लिस्पचा प्राण जी यादी तीच तींत नव्हती. शिवाय कांहीं काळानें त्या ईमॅक्सचे हक्क एका कंपनीला विकले गेले, आणि मोकळेपणें घेण्यादेण्याची वाट बंद झाली. स्टॉलमन यांनीं सप्टेंबर १९८३ मध्यें ग्नूची घोषणा केली होती. आपल्या कामावर संस्थेनें हक्क सांगूं नये म्हणून जानेवारी १९८४ मध्यें त्यांनीं तेथील नोकरी सोडली. १९८५ सालीं त्यांचा नवा ईमॅक्स लोकांपुढें आला. त्याचा गाभा सी भाषेंत होता, पण संपादनाच्या बहुतेक आज्ञा खऱ्याखुऱ्या लिस्पमध्यें होत्या. वेग हवा तेथें सी आणि लवचीकपणा हवा तेथें लिस्प, अशी ही वांटणी होती.

त्यानंतर वादाचा प्रसंग आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत जॉन आउस्टरहाउट यांनीं १९८८ सालीं ‘टीसीएल’ नांवाची एक सुटसुटीत विस्तारभाषा तयार केली. ती कोणत्याहि आज्ञावलींत सहज बसविण्याजोगी होती, शिकावयास सोपी होती, आणि तिच्या जोडीला पडद्यावर खिडक्या व कळा काढण्याचें उत्तम साधन होतें. साहजिकच तिचा प्रसार झपाट्यानें झाला. १९९४ सालीं आउस्टरहाउट सन मायक्रोसिस्टिम्स या बलाढ्य कंपनींत गेले, आणि टीसीएल हीच सर्वत्र वापरावयाची भाषा होणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं.

२३ सप्टेंबर १९९४ रोजीं स्टॉलमन यांनीं एक जाहीर पत्र प्रसिद्ध केलें. टीसीएल कां वापरूं नये, हाच त्याचा मथळा. ईमॅक्सपासून शिकावयाचा धडा हा कीं, विस्तारभाषा नुसती विस्तारापुरती असून भागत नाहीं. लोक आरंभीं चार ओळी लिहितात, पण पुढें तिच्यांतच मोठमोठ्या आज्ञावल्या रचावयास लागतात. टीसीएलमध्यें तर खरे संख्याप्रकार नाहींत, यादीची घडण नाहीं, सर्व कांहीं अक्षरांच्या माळांवर भागवावें लागतें. तेव्हां ग्नूची विस्तारभाषा पूर्ण ताकदीची व लिस्पच्या वळणाची असेल, असें त्यांनीं जाहीर केलें. आउस्टरहाउट यांचें उत्तरहि विचार करण्याजोगें होतें. एकच भाषा सर्व कामांना पुरत नाहीं. अवजड यंत्रणा एका भाषेंत घडवावी आणि तिचे भाग जोडण्यासाठीं दुसरी हलकी भाषा असावी, हें त्यांचें म्हणणें. दोन्ही पक्षांत तथ्य होतें, म्हणूनच तो वाद फार दिवस गाजला.

संकल्प सिद्धीस नेण्याचें काम टॉम लॉर्ड यांच्याकडे आलें. त्यांनीं ऑब्री जॅफर यांच्या ‘एससीएम’ या स्कीम भाषेच्या यंत्रणेवर आपली इमारत उभारली. एससीएमची जननी म्हणजे जॉर्ज कॅरेट यांची १९८८ सालची ‘सायॉड’ ही चिमुकली यंत्रणा. नव्या भाषेचें पहिलें नांव ‘जेल’ असें होतें. तें बदलून ‘गाइल’ झालें. ‘ग्नूची सर्वव्यापी, बुद्धिमान विस्तारभाषा’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें त्यांत आहेत. पण त्या शब्दाचा सरळ अर्थ कावा. योजक, संगनमत्या, कारस्थानी यांच्या कुळांत कावा जन्मावा, हें नांवाच्या दृष्टीनें कुलाचारास धरूनच झालें.

कावा मोठा होता. वापरणाऱ्यानें टीसीएल, पर्ल किंवा सी-सारख्या आपल्या आवडीच्या भाषेंत लिहावें. गाइलनें त्या लिखाणाचें स्कीममध्यें भाषांतर करून तें चालवावें. म्हणजे भाषेवरून भांडण्याचें कारणच उरणार नाहीं. हा बेत मात्र त्या रूपांत फळाला आला नाहीं. प्रत्येक भाषेच्या बारीकसारीक लकबी दुसरींत बिनचूक उतरविणें हें काम वाटलें त्याहून दुर्घट निघालें. तोंवर जग थांबलें नव्हतें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली पायथन आणि १९९३ सालीं ब्राझिलमधील रिओ द जानेरो येथें जन्मलेली ल्युआ यांनीं ठिकठिकाणीं जागा पटकावली. १९९५ सालीं नेटस्केप कंपनीनें ब्रेंडन आइक यांना न्याहाळकांत स्कीम घालण्याच्या कामासाठीं म्हणून बोलाविलें. पण भाषेचें रूप जाव्हासारखें दिसावें असा आग्रह पडला, आणि त्यांतून जाव्हास्क्रिप्ट निघाली. सर्वव्यापी विस्तारभाषेचा मान अखेर तिला मिळाला. ज्या ईमॅक्सच्या अनुभवावर गाइलची उभारणी झाली, तो ईमॅक्सहि आपली जुनी लिस्प सोडून गाइलकडे आला नाहीं.

एवढ्यावरून गाइलचा डाव फसला असें म्हणतां येईल काय? लॉर्ड यांच्यानंतर जिम ब्लँडी, मारिउस फोलमर, लुडोविक कुर्तेस, अँडी विंगो अशा अनेकांनीं पाळीपाळीनें हें काम वाहिलें. फेब्रुवारी २०११ मध्यें निघालेल्या गाइल २.० या आवृत्तींत भाषांतरकार व कल्पित यंत्र यांची जोड आली आणि जुना संथपणा बराच गेला. जानेवारी २०२० मधील ३.० आवृत्तींत आज्ञा चालतां चालतांच यंत्रभाषेंत उतरविण्याची सोय झाली. संगीताची स्वरलेखनें सुबक छापणारी लिलिपाँड आणि जमाखर्च ठेवणारी ग्नूकॅश या आज्ञावल्यांत गाइल पूर्वींपासूनच होती. पण अशा नात्याला किंमतहि द्यावी लागते. गाइलचें अंतरंग बदलल्यावर लिलिपाँडला वर्षानुवर्षें जुन्या १.८ आवृत्तीसच धरून राहावें लागलें, आणि नव्या गाइलकडे तिचें स्थलांतर पूर्ण व्हावयास २०२२ साल उजाडलें. याच्या उलट, २०१२ सालीं कुर्तेस यांनीं सुरू केलेल्या गीक्स या प्रकल्पानें संबंध संगणकाची मांडणी, म्हणजे कोणत्या आज्ञावल्या असाव्या, त्या कशा घडवाव्या, यंत्र सुरू होतांना काय चालावें, हें सारें गाइलमध्येंच लिहिलें. संकल्प होता अनेक आज्ञावल्यांच्या भिंतींत खुंट्या मारण्याचा; येथें सबंध घरच त्या भाषेंत बांधलें गेलें.

टीसीएलच्या जागीं आज गाइल बसलेली नाहीं, पण १९९४ च्या पत्रांतील मूळ प्रश्न मिटलेला नाहीं. यंत्र घरोघर पोंचलें. त्याला नवें काम शिकविण्याचा अधिकार मात्र बहुतेक घरांत विकणाऱ्याकडेच राहिला आहे. हनीवेलच्या कचेरींतील त्या स्त्रियांपुढें पुस्तिका उघडी होती आणि आज्ञावलीहि उघडी होती. त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं. गाइलच्या कर्त्यांनीं जी सोय सर्वांसाठीं करूं म्हटलें ती हीच होती, आणि जेथें गाइल आहे तेथें ती आजहि आहे.