खणांचे घर आणि ढाळज



शाळेत आपण किल्ल्यांचा, लेण्यांचा आणि राजवाड्यांचा इतिहास शिकलो. ज्या घरातून दप्तर घेऊन निघायचो, त्या घराचा इतिहास मात्र कोणत्याच इयत्तेला नव्हता. आता जवळा बाजार आणि आसपासच्या गावांतली माळवदाची घरे एकेक करून उतरत आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्याबद्दल चार गोष्टी लिहून ठेवतो.

मराठवाड्यात घर फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांच्या रांगांमधली जागा म्हणजे एक खण. तीन खणांचे घर साधे, सात खणांचा वाडा मातब्बराचा. भावाभावांच्या वाटण्याही खणांवरच होत : ‘दोन खण थोरल्याचे, दोन धाकट्याचे.’ घराचे मोजमाप लाकडाच्या सांगाड्यावर होते, कारण छताचा भार भिंतीवर नसून खांबांवर असे.

बांधकामाची रीत अशी होती. जमिनीत दगडी तळखडा बसवायचा, म्हणजे खांबाला ओल आणि वाळवी लागत नाही. त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि त्यावर किलचणाच्या फळ्या. खिळे फार कमी लागत. वाकस, पटाशी आणि करवत यांच्या जोरावर सुतार कूस काढून ती खाचेत घट्ट बसवी. ऐपत असली तर किनवट-माहूरकडच्या जंगलातला साग, नसली तर शेताच्या बांधावरची बाभूळ किंवा लिंब. फळ्यांवर पाला अंथरून पांढऱ्या मातीचा जाड थर दिला की माळवद तयार. उजेडासाठी त्याला सवणे ठेवायचे. सुताराची मजुरी बऱ्याचदा रोखीने नसे. सुगीला बलुत्याच्या धान्यात ती फिटे.

या घराचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे दारालगतची ढाळज आणि आतली ओसरी. वर छत, खाली उंच जोते, समोरची बाजू मोकळी. पाहुणा इथेच टेकायचा, सोयरिकी इथे जुळायच्या, हिशेब इथे व्हायचे. ज्या गावाच्या नावातच बाजार आहे, तिथे ढाळजेला किती महत्त्व असेल ते सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणांनी दहावीचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात ओसरीवरच केला आहे.

पण या घराची दुसरी बाजूही लिहायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदाची माती अंगावर आली. दरवर्षी मृगाआधी गळती थांबवायला वर थोडी माती टाकायची, ही आपली जुनी सवय. पिढ्यान्‌पिढ्या जुनी माती न काढता नवी टाकल्याने छत जड होत गेले होते. मात्र अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिल्याचे पाहणाऱ्यांना दिसले. तुराट्यांच्या कुडाच्या झोपड्यांत राहणारेही पुष्कळ वाचले. ज्यांना दगड परवडला नव्हता, त्यांना त्यांच्या गरिबीनेच वाचवले.

लोकांनी त्यातून एकच धडा घेतला : जुने घर नको, स्लॅब हवा. भीती खरी होती, पण दोष लाकडाचा नव्हता. काश्मीरमध्ये ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात धज्जी-देवारी पद्धतीची लाकडी चौकटीची घरे दगडी घरांपेक्षा चांगली टिकली. किल्लारीनंतर तज्ज्ञांनी सुचवलेले उपायही साधे होते : माळवदावरची जादा माती काढणे, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू देणे, भिंतीत आरपार जाणारे जोडदगड घालणे.

हा विषय आपल्यासाठी जुना झालेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले, आणि १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५ चा. केंद्र आपल्याच हिंगोली जिल्ह्यात होते. आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला स्थिरावले. आई-वडील, काका-काकू मात्र अजून गावाकडच्या माळवदाखाली झोपतात. पुढच्या सुट्टीत गेलात तर आधी वर चढून मातीचा थर किती जाड आहे ते बघा. खांबाचा बुंधा वाळवीने पोखरला आहे का, भिंतीला पोट आले आहे का, तेही तपासा. घर फारच खचले असेल तर मोह न धरता जाणकाराच्या देखरेखीखाली उतरवा.

उतरवताना एक मात्र करा. सागाचे खांब आणि तुळया भंगाराच्या भावात देऊ नका. शहरात हेच लाकूड हॉटेलांच्या आणि फार्महाऊसच्या शोभेसाठी चढ्या दराने विकले जाते. त्यातले चार-सहा खांब ठेवा आणि नव्या घरापुढे किंवा मळ्यात दोन खणांची ओसरी उभी करा. खाली तळखडे, कोपऱ्यांत तिरपे टेकू आणि वर माती न घालता हलके पत्रे किंवा कौले. गावात जुना सुतार असेल तर त्यालाच बोलवा. कूस कशी काढतात हे हाताला माहीत असलेली माणसे थोडीच उरली आहेत. पाडण्याआधी घराचे फोटो काढा, खण मोजा, कोणी कधी बांधले ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहा. हा इतिहास फक्त त्यांनाच ठाऊक आहे, आणि विचारायला आपल्याजवळ फार दिवस नाहीत.