पाय, गिअर आणि कायदा

हात किंवा पाय गमावलेला माणूस मोटारसायकल चालवतो, शेतात जातो, मैदानात उतरतो, हे पाहिलं की आपण म्हणतो, काय जिद्द आहे! जिद्द आहेच. पण जिद्द शंभर वर्षांपूर्वीच्या माणसातही होती. मग त्याला जे जमलं नाही, ते आज का जमतं? हा प्रश्न विचारला की इतिहास सुरू होतो. त्याचे तीन धागे आहेत: कृत्रिम पाय, गाडी आणि कायदा.

सुरुवात साताऱ्यापासून करू. अपशिंगे मिलिटरी, नावातच फौज असलेलं गाव. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. मेलेल्यांचा स्मृतिस्तंभ होतो. पण जे हात-पाय गमावून परतले त्यांचं काय? १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांना कामधंदा शिकवण्यासाठी क्वीन मेरीज ही संस्था निघाली, पुढे ती खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. म्हणजे आपल्या भागात ही सगळी व्यवस्था आली ती आधी फौजेसाठी आली, हे लक्षात ठेवा.

त्या वाटेनं किती लांब जाता येतं, याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातलंच आहे. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांचा पाय कापला गेला नव्हता, पण प्रश्न तोच होता: आता पुढे काय? उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं.

आता शेतकऱ्याकडे येऊ. त्याचं युद्ध वेगळं होतं. मळणी यंत्रं आली, कडबाकुट्टीला मोटर लागली, आणि हात यंत्रात जाऊ लागले. देशभर हे इतकं वाढलं की १९८३ साली संसदेला मळणी यंत्रांसाठी धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. त्यात जखमी माणसाला नुकसानभरपाईची तरतूद आहे. भरपाईनं घर चार दिवस चालतं. पण माणूस परत रानात कसा जाणार?

इथं जयपूर फूटचं महत्त्व कळतं. १९६८च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. त्याआधीचा विलायती धाटणीचा पाय बुटात घालायचा, घोट्यात फारसा न वाकणारा. खुर्चीत बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसासाठी तो ठीक. आपला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून खुरपतो, चिखलात अनवाणी उतरतो. रबराचा, सगळ्या बाजूंना थोडा वळणारा, बुटाशिवाय चालणारा पाय हवा होता, तो मिळाला.

पण पायानं माणूस बांधापर्यंत जातो. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात वाडीवरून डेअरीला दूध घालायचं, तालुक्याला जायचं, तर एसटीच्या भरवशावर भागत नाही. गाडी लागते. आणि गाडीची एक गंमत बघा. बजाज चेतकला गिअर डाव्या हातात आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. किकही उजव्या पायानं मारायची. म्हणजे डावा पाय गेलेला माणूस चेतकच्या यंत्रात काहीही न बदलता ती चालवू शकतो. तोच माणूस हीरो होंडावर बसवा: गिअर डाव्या पायात, पंचाईत. जुन्या बुलेटला उलटं, गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. आणि डावा हात गेलेल्याला चेतकचा काही उपयोग नाही. शरीर तेच, पण एका गाडीवर माणूस सक्षम आणि दुसरीवर अपंग! पुढे १९८४ला कायनेटिक होंडा आली, मग ॲक्टिव्हा आली. गिअरच गेला, क्लच गेला, बटणावर गाडी सुरू व्हायला लागली. या गाड्या काही अपंगांसाठी म्हणून काढलेल्या नव्हत्या. पण त्यांनी कितीतरी लोकांना रस्ता मोकळा केला. राहिला तोल, त्यासाठी गॅरेजवाल्यानं मागे दोन जादा चाकं बसवून दिली.

आणि इथंच कायदा आडवा येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सरकार अपंगांना फिकट निळ्या रंगाच्या, मोटारसायकलच्या इंजिनवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या देत असे. कायद्यातलं त्यांचं नाव ‘इनव्हॅलिड कॅरेज’. तो शब्द आपल्याही कायद्यात आला. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानं व्याख्या केली: अपंगासाठी खास रचून बांधलेलं वाहन, नुसतं बदल करून घेतलेलं नव्हे. आता ब्रिटनमध्ये सरकार गाडी देत होतं. आपल्याकडे आरटीओच्या दारात उभ्या राहणाऱ्या एमएच १० किंवा एमएच ११ची गाडी कुठली असणार? गॅरेजमध्ये बदल करून घेतलेलीच! व्यवहारात अशा गाड्यांची नोंद होत राहिली, पण कागदावरची व्याख्या त्यांच्या विरोधात होती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं वाहनांत बदल करून देणं हे शासनाच्या योजनांचं काम मानलं. आणि २०१९च्या दुरुस्तीत जुनी व्याख्या जाऊन ‘अनुकूलित वाहन’ आलं, त्यात रीतसर मंजुरी घेऊन बदल केलेली गाडीही धरली. १९८८ ते २०१९, एकतीस वर्षं. एवढ्या काळात एक पिढी विशीतून पन्नाशीत जाते.

२०२४ साली आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. शाळेत असताना सायकलच्या अपघातात त्यांचा हात कायमचा अधू झाला होता. आपण त्यांचा सत्कार करतो, करायलाच हवा. पण पदक न जिंकणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. त्याला सकाळी सहाला दूध घालायचं असतं. म्हणून अशा माणसाची गोष्ट ऐकाल तेव्हा जिद्दीचं कौतुक करून थांबू नका. त्याला पाय कुठं बसवून मिळाला, गाडीवर चाकं कुणी लावली, लायसनला किती हेलपाटे पडले, हेही विचारा. आपल्या तालुक्याचा खरा इतिहास त्या उत्तरांत सापडेल.