जोडाखालचे झाड

अंबरनाथ पूर्वेला जुन्या घरांच्या आवारात एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘हापूस म्हणून लावला आणि रायवळ निघाला.’ बोट लगेच रोपवाटिकेकडे जाते. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा झालेले असते ते असे : वरची हापुसाची काडी एखाद्या उन्हाळ्यात वाळून गेली, जोडाखालून धुमारा फुटला आणि घरच्यांनी तो कौतुकाने वाढवला. इतकी वर्षे पाणी घातले ते खुंटाला.

कलम म्हणजे एकावर एक उभी केलेली दोन झाडे. वरच्याला आपण नाव देतो, खालच्याचे, म्हणजे खुंटाचे, नाव कोणी विचारत नाही. झाडाचे आयुष्य ठरवण्यात मात्र खालच्याचा शब्द मोठा असतो. खुंट आणि माती यांच्या या अभ्यासात वाचकाचे मनापासून स्वागत. त्यासाठी कृषी पदवी लागत नाही. कुदळ धरता आली तर बरे.

या शास्त्राची बाराखडी सफरचंदावर गिरवली गेली. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातले सरमिसळ झालेले खुंट निवडून वेगळे केले आणि त्यांना क्रमांक दिले. त्यांतल्या एम-९ वर बांधलेले सफरचंद ठेंगणे राहते, लवकर फळते, जन्मभर आधाराची काठी मागते आणि वीसेक वर्षांत थकते. तेच वाण बियांपासून वाढवलेल्या खुंटावर बांधले, तर फळाला उशीर होतो, पण झाड दोन-तीन पिढ्या पाहते. डोळा तोच, आयुष्य निराळे.

आपल्याकडे हापुसाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते अधिक रंजकही. त्याचा खुंट रायवळ. रायवळाच्या कोयीतून सहसा एकच रोप येते, तेही संकरातून जन्मलेले. म्हणून प्रत्येक खुंट आपापल्या स्वभावाचा. एकाच बागेत, एकाच मातृवृक्षाच्या काड्या बांधूनही दोन कलमे सारखी वाढत नाहीत, याचे एक कारण हे. दक्षिणेकडच्या वेल्लाईकोलंबनची कोय बहुभ्रूणी असते, रोपे आईसारखी निघतात आणि त्यांवर हापूस ठेंगणा राहतो. शिवाय पिशवीत रेंगाळलेल्या कलमाचे सोटमूळ तळाशी गुंडाळते. ते वेटोळे पुढे सुटत नाही. जागेवरच कोय रुजवून तिथेच कलम बांधावे, असे जाणते सांगतात ते यासाठी.

द्राक्षाने खुंटाचा धडा नाशिक-सांगलीला सक्तीने शिकवला. पाण्याची टंचाई आणि क्षार वाढले तशा स्वमुळावरच्या बागा खचू लागल्या, आणि बागायतदार डॉगरिज खुंटाकडे वळले. संत्र्यात खुंट म्हणून जंबेरी की रंगपूर लिंबू, हा वाद डिंक्या रोग आणि विदर्भाची भारी काळी जमीन ध्यानात घेतल्याशिवाय समजतच नाही.

आता पायाखालची माती. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख बाळगणारे आपले अंबरनाथचे शिवमंदिर काळ्या पाषाणाचे आहे. इथली मातीही तशाच दगडाची झीज. उंचवट्यावर पातळ मुरूम, सखल भागात भाताची चिकण. मुरमात पाणी टिकत नाही, चिकणीत पावसाळाभर हलत नाही आणि हवेविना मुळे कुजतात. जांभूळ अशा ओलीत तग धरते. बदलापूरच्या जांभळाला मिळालेले भौगोलिक मानांकन अभिमानाचे खरे, पण त्यामागची ही मुळांची चिकाटीही पाहावी. तिसरी माती आपण स्वतः घडवली : पाडकामाचा राबिट. त्यातल्या चुन्याने जमीन अल्कधर्मी होते, लोह असूनही झाडाला घेता येत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात. त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले की कोणताही खुंट हरतो.

पुढची पाने उघडण्याआधी आवारातल्या एखाद्या कलमी आंब्यापाशी जा. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर खोड किंचित फुगलेले असेल, सालीचा पोत बदललेला असेल. तिथे बोट ठेवा आणि खाली काही फुटलेय का ते पाहा. फुटले असेल तर आजच खुडून टाका.