दुखणं थांबलं, पण आजार गेला का?

मंडळी, आज डिंभ्यात अपेंडिक्सच्या इतिहासावर बोलायचं, तर सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. १२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजी पोटदुखीमुळे पुण्याच्या ससून रुग्णालयात होते. त्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टरी पेशावर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनी त्याला लेखी संमती दिली होती. अँटिबायोटिक तेव्हा नव्हती. थांबणं म्हणजे जिवाशी जुगार.

लवकर ऑपरेशन करा, हा आग्रह १८८६ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी धरला होता. पुढे अँटिबायोटिक आली. १९५६ मध्ये इंग्लंडच्या कोल्ड्री यांनी शंभरावर रुग्णांना औषधांवर ठेवल्याचा अनुभव मांडला. फिनलंडमध्ये साध्या, न फुटलेल्या अपेंडिक्सच्या रुग्णांना औषधं दिली. पाच वर्षांत सुमारे ३९ टक्के जणांना ऑपरेशन करावंच लागलं. बाकीच्यांचं टळलं. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण तिथलाच २०१९ चा दुसरा अभ्यास पाहा. अपेंडिक्सभोवती गळू होऊन औषधांनी शांत झालेले ६० रुग्ण. त्यांतल्या १२ जणांच्या अपेंडिक्समध्ये गाठ निघाली. सगळे चाळिशीपुढचे. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नव्हत्या, तरी अभ्यास मध्येच थांबवावा लागला. साध्या अपेंडिक्समध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असतं, म्हणून सरसकट घाबरायचं कारण नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. 'दुखणं थांबलं' आणि 'आजार गेला' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही. धरणापलीकडच्या वाडीवरून घोडेगाव, मंचर गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. मग दुखायचं थांबलं की कागद ट्रंकेत जातात, हे आपण जाणतो. तरी ते जपा. वय चाळिशीपुढचं असेल, गळू झालं असेल, तर डॉक्टरांना विचाराच: पुढची तपासणी कधी? अपेंडिक्स काढायचं का?

गांधीजींचा निर्णय एका रात्रीत झाला. औषधांवर बरं झालेल्याला मात्र गोळ्या संपल्यावरही निर्णय घ्यायचा उरतो.