सकाळी पहिले पाऊल टाकताच टाच का दुखते? पावलाची कमान आणि तिचा आधार

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत कळ येते. थोडे चालल्यावर ती कमी होते आणि बराच वेळ उभे राहिले की पुन्हा दुखू लागते. टाचदुखीच्या या सर्वांत नेहमीच्या प्रकाराला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. त्याचा पावलाच्या कमानीशी थेट संबंध आहे.

कमान कशी काम करते?

एका पावलात २६ हाडे असतात आणि ती कमानीसारखी रचलेली असतात. आतल्या बाजूची कमान सर्वांत उंच असते. वजन पडले की ती थोडी दबते, वजन उचलले की पुन्हा वर येते. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा एक चिवट पट्टा तिला धनुष्याच्या दोरीसारखा खालून ताणून धरतो. हाच प्लांटर फॅसिया.

खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर टेकवा आणि हाताने पायाचा अंगठा वर उचला. पट्टा ताणला जाऊन कमान उंचावलेली दिसेल. चालताना प्रत्येक पावलाला हेच घडते.

दुखणे कशामुळे?

तासन्‌तास उभे राहणे, कडक फरशीवर अनवाणी वावरणे, वाढलेले वजन, चालणे किंवा पळणे एकदम वाढवणे आणि आखडलेल्या पोटऱ्या यांमुळे पट्ट्यावर ताण येतो. हा ताण टाचेजवळ सर्वाधिक जाणवतो. रात्रभर विश्रांतीत आखडलेला पट्टा पहिल्या पावलाला अचानक ताणला जातो, म्हणून सकाळी कळ येते.

एक्स-रेमध्ये 'टाचेचे हाड वाढले' असे दिसले तरी घाबरू नका. असे हाड वाढलेल्या अनेकांना काहीच त्रास नसतो. तसेच, सपाट पाऊल हा आजारच असतो असे नाही. लहान मुलांची पावले सपाट असणे स्वाभाविक आहे. दुखत नसेल तर सहसा उपचार लागत नाहीत.

घरी काय करावे?

- पट्ट्याचा ताण: अंथरुणातून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. बोटे हाताने नडगीच्या दिशेने ओढा. १० सेकंद धरा, १० वेळा करा. दिवसातून तीनदा करावे.
- पोटरीचा ताण: भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा. गुडघा सरळ व टाच जमिनीला टेकलेली ठेवून पुढे झुका. ३० सेकंद थांबा, तीनदा करा.
- ताकद: दुखणे सोसवेल इतपत, आधार धरून टाचा सावकाश उचला व खाली आणा. एक दिवसाआड पुरे.
- शेक: बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटे लावा.
- पादत्राणे: टाचेला घट्ट धरणारे आणि मधून न मुडपता बोटांपाशी वाकणारे बूट निवडा. झिजलेल्या, पातळ तळाच्या चपला टाळा. घरातही कमानीला आधार देणारी चप्पल वापरा. तयार इनसोलने बऱ्याच जणांना आराम पडतो, सुरुवातीलाच महागडे बनवून घेण्याची गरज नसते.

इनसोल ताण कमी करतो, पण पोटरी सैल करत नाही. त्यामुळे आधार आणि व्यायाम दोन्ही हवेत. बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेशिवाय बरे होते, मात्र त्याला काही महिने लागू शकतात. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून व्यायाम सोडू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, सूज, लाली, ताप, झोपेतही न थांबणारे दुखणे, दुखापतीनंतर पायावर वजन न देता येणे किंवा एकाच पावलाची कमान नव्याने खचत जाणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून बर्फाचा किंवा गरम शेक त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.