हॉर्मोन भरपूर, तरी उंची नाही

समजा, एका मुलाची उंची वाढत नाही. तुम्ही डॉक्टर आहात. रक्त तपासायला पाठवता. अपेक्षा ही, की ग्रोथ हॉर्मोन कमी असणार. आणि रिपोर्ट येतो: हॉर्मोन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त! काय कराल? बहुतेक जण नमुना पुन्हा पाठवतील. मीही पाठवीन.

इस्रायलमधल्या पेताह टिकवा इथल्या बेलिन्सन रुग्णालयात झ्वी लारोन या बालरोगतज्ज्ञासमोर हेच कोडं आलं. १९५८ मध्ये त्यांच्याकडे येमेनी ज्यू कुटुंबातली तीन भावंडं आली होती. खूपच बुटकी, पुढे आलेलं कपाळ, लहान चेहरा, विरळ केस, रक्तातली साखर वारंवार उतरणारी. घराण्यात नात्यातली लग्नं झालेली. पियुषिका ग्रंथी हॉर्मोन बनवत नसावी, असा अंदाज साहजिक होता. तो तपासायला मात्र साधनच नव्हतं. रक्तातलं हे हॉर्मोन मोजणारी रेडिओइम्युनोअ‍ॅसे पद्धत १९६० नंतर हाती आली आणि तिने अंदाज उलटा पाडला. १९६६ मध्ये लारोन आणि सहकाऱ्यांनी हा नवाच जन्मजात विकार असावा असं लिहिलं. शीर्षकात प्रश्नचिन्ह होतं, ते मला फार आवडतं.

पहिली शंका हॉर्मोनवरच होती: ते सदोष असेल, म्हणून काम करत नसेल. पण बाहेरून चांगलं हॉर्मोन टोचलं तरी ही मुलं वाढेनात. (तेव्हा हे हॉर्मोन मृतांच्या पियुषिका ग्रंथींतून काढत, त्यामुळे ते अतिशय दुर्मीळ होतं.) म्हणजे पाठवणारा ठीक, निरोपही ठीक. बिघाड घेणाऱ्याकडे.

इथे थोडं शरीरशास्त्र. ग्रोथ हॉर्मोन हाडं वाढवण्याचं बरंचसं काम स्वतः करत नाही. ते यकृतातल्या पेशींच्या रिसेप्टरला चिकटतं, मग यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं हॉर्मोन सोडतं. रक्तात आयजीएफ-१ पुरेसं झालं की पियुषिका हात आखडता घेते. रिसेप्टरच बिघडलेला असेल तर आयजीएफ-१ तयार होत नाही आणि पियुषिका, फोन उचलत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा लावणाऱ्या माणसासारखी, हॉर्मोन सोडतच राहते. रिपोर्ट बरोबरच होता!

याचा थेट पुरावा १९८४ मध्ये मिळाला. रुग्णांच्या यकृतातून घेतलेल्या पेशींना हॉर्मोन चिकटतच नव्हतं. १९८९ मध्ये रिसेप्टरच्या जनुकातला दोषही सापडला. मग उपाय उघड होता, रिसेप्टरला वळसा घालून सरळ आयजीएफ-१ द्यायचं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लारोन यांनी ते रुग्णांना द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली २००५ मध्ये.

आता हिशेब करा. १९५८ पासून तोवर, सुमारे तीन दशकं. हाडांची टोकं जुळून आली की कोणतंही हॉर्मोन उंची वाढवत नाही. ज्या तीन भावंडांच्या रक्तातून हे सगळं सुरू झालं, त्यांचं ते वय कधीच उलटून गेलं होतं.

या विकाराचे सर्वांत जास्त रुग्ण एकत्र सापडले ते दक्षिण इक्वेडोरच्या डोंगराळ खेड्यांत. तिथल्या बहुतेकांमध्ये एकच जनुकीय बदल आहे, आणि तोच बदल इस्रायलमधल्या मोरोक्कन ज्यू वंशाच्या रुग्णातही मिळाला. स्पेनमधून धर्मछळामुळे पांगलेल्या ज्यूंबरोबर तो दोन्हीकडे गेला असावा, असा तर्क आहे. जनुकं इतिहास असा जपून ठेवतात.

इक्वेडोरचे डॉक्टर हायमे गेवारा-अगिरे यांनी तिथल्या ९९ जणांचा २२ वर्षं मागोवा घेतला. २०११ मध्ये निष्कर्ष आले: कर्करोग फक्त एकाला, मधुमेह कुणालाच नाही. त्यांच्याच उंच नातेवाइकांमध्ये मात्र दोन्ही होते. वार्धक्यावर संशोधन करणाऱ्यांचं लक्ष तेव्हापासून या खेड्यांकडे आहे, आणि ते योग्यच आहे.

पण तोच शोधनिबंध थोडा पुढे वाचा. ही माणसं जास्त जगत नाहीत. मृत्यूची कारणं तिथे दिली आहेत: फिट येणे, अपघात, दारू.